कुठल्या खात्यावर

रायनने मोबाइल पुढं सरकवला.
"अक्का, एवढं रुपयांत करून दे की."
लिंपोपोचं कोटेशन. सात दिवस, सहा रात्री, सगळं डॉलरमध्ये.
बाहेर लोंढ्याच्या सिग्नलला मालगाडी करकरत थांबली,
मी चष्मा पुसला, रकमा उतरवू लागले:

झेब्रा, एक लाख सहा हजार.
कुडू, दोनाच्या वर.
रानरेडा, साडेआठ.
जिराफ, दर विचारल्यावर कळवू.
सिंहापुढं आकडा नाही, नुसती एक चांदणी,
आणि पानाच्या तळाशी त्या चांदणीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
जखमी होऊन पळालेलं जनावर
मारलेलंच धरलं जाईल. पूर्ण दर लागेल.

राहणं, जेवण, माग काढणारा, कातडं सोलणारा,
गाडी हाकणारा, हे सगळं
"समाविष्ट".

लोखंडी कपाटात खालच्या फळीवर
याच्या आजोबांची खतावणी आहे, सत्तावन्न सालची.
आंतोन कुलासो, रेल्वेला सागवानी स्लीपर पुरवणारे.
मावसभाऊ नैरोबीच्या जकातीत, म्हणून बोटीनं मोंबासा.
माझ्या आधीचे गोपाळराव काकतकर,
त्यांनी वेगळं पान उघडलं होतं: आफ्रिका खातं.
बोट. तंबू. लॉरी. बर्फ. व्हिस्की, दोन पेट्या.
हमाल एकोणीस, आचारी, बंदूक धरणारा, त्याचा पोरगा,
प्रत्येकाची मजुरी शिलिंगांत, मग रुपयांत, मग आण्यांत.
आणि सगळ्यांत शेवटी, उरल्यासुरल्यासारखं:
सिंहाचा परवाना, एकशे तेहेतीस रुपये.
व्हिस्कीहून कमी.

म्हणजे तेव्हा माणसांचे पैसे पडायचे
आणि जनावर जवळजवळ फुकट.
आता जनावराला चिठ्ठी आहे,
कुंपणात वाढवलेलं, लिलावात घेतलेलं,
आणि माणूस जेवणाबरोबर येतो.
यातलं कुठलं बरं, मी ठरवत नाही. मी बेरीज करते.

एकूण चौदा हजार दोनशे साठ.
समासात गोपाळरावांची पेन्सिल:
"स्लीपर साडेनऊशे."
पैसा त्यांना लाकडातच कळायचा.
अर्धा मैल रूळ, जेमतेम,
आणि त्यावरून धनी सिंहापर्यंत जाऊन आले.

रायन विचारतो, "किती झालं?"
"अठ्ठावीस लाख. तिकिटं वेगळी."
तो शीळ घालतो. "आज्जा स्वस्तात गेला की!"
"होय तर."
भिंतीवर आज्जाचा गवा, दाखल्यासकट,
एका डोळ्याची काच पडलेली,
डाव्या शिंगाला पतसंस्थेचं कॅलेंडर.

हा गवा आफ्रिकेच्या आधीचा.
मागं उलटत गेलं की सापडतो:
चोपन्न, मार्गशीर्ष, भीमगड, हाका.
हाकेवाले एकतीस, दर बारा आणे.
गूळ. तंबाखू.
इसम एक, जखम, जादा रुपये पाच.

नाव नाही.
नाव मला माहीत आहे.
तळेवाडीच्या आमच्या घराला तीनच पायऱ्या होत्या
आणि तो मरेपर्यंत तिन्हींवर
डावा पाय मागून आणायचा.
त्या पाचांत एक लुगडं आलं, आणि वर्षाचं मीठ.
आई हे उपकारासारखं सांगायची.

"अक्का, कुठल्या खात्यावर टाकूया?
व्यवसाय प्रवास चालेल न्हवं?"
"ही चांदणी वाचलास काय?" मी बोट ठेवते.
तो वाचतो. हसतो.
"माझा नेम बरा आहे गं."

तो गेल्यावर मालगाडीही सुटली.
मी उगाच एक हिशेब मांडून बसले:
ते पाच रुपये आज किती?
सोन्याच्या भावानं एक उत्तर आलं,
डॉलरनं दुसरंच.
शेवटी गोपाळरावांच्या मापानं करून पाहिलं.

एका स्लीपरचा तिसरा हिस्सा.
त्यावर रूळ बसत नाही.